केसांचा ब्रश : रचना आणि स्वच्छता

स्वच्छतेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक साधनात एक गुण समान असतो. केरसुणी, पोतेरे, टॉवेल, दात घासण्याचा ब्रश ही सारी साधने ज्या वस्तूवरून फिरतात तिचा मळ स्वतःकडे घेतात. त्यामुळे साधन स्वच्छ कसे करावयाचे, हा प्रश्न त्याच्या उपयोगातूनच निर्माण होतो. पोतेरे पिळता येते, टॉवेल गरम पाण्यात उकळता येतो, केरसुणी आपटून झाडता येते. केसांच्या ब्रशाची स्थिती मात्र वेगळी आहे. त्याच्या दाट दात्यांमध्ये केस, कोंडा, धूळ आणि तेल यांचा जो थर बसतो, तो बोटांनी सहजासहजी निघत नाही आणि नुसत्या पाण्याने धुतलाही जात नाही. परिणामी पुष्कळ घरांत मळलेला ब्रश तसाच वापरला जातो आणि आज धुतलेल्या केसांवर गेल्या महिन्याचा मळ पुन्हा पसरतो.

हा दोष वापरणाऱ्याच्या आळसाचा मानण्याची प्रथा आहे. परंतु जी वस्तू स्वच्छ करण्यास अर्धा तास, एक कात्री आणि बरीच चिकाटी लागते, ती वस्तू बहुतेकांच्या घरी अस्वच्छ राहणार हे उघड आहे. वस्तूची रचना करणाऱ्याने हे गृहीत धरूनच कामास सुरुवात केली पाहिजे. साफ करण्यास सोपा असा ब्रश कसा असावा, याचा विचार येथे तीन टप्प्यांनी केला आहे : मळ कोठे व का अडकतो हे प्रथम पाहावयाचे, नंतर या प्रश्नावर आजवर सुचलेले उपाय तपासावयाचे, आणि शेवटी दिल्लीतील आर. के. पुरम या वसाहतीतील एखाद्या सामान्य कुटुंबासाठी ब्रश आखावयाचा झाल्यास त्यात कोणते गुण हवेत, हे ठरवावयाचे.

विवेचनाच्या सोयीसाठी ब्रशाच्या भागांना पुढील नावे दिली आहेत. हातात धरावयाची ती मूठ. मुठीपुढचा रुंद भाग ती पाठ. पाठीच्या ज्या पृष्ठभागातून राठ केस किंवा प्लास्टिकचे काटे वर येतात ती बैठक. आणि ते राठ केस किंवा काटे म्हणजे दाते.

१. फणीकडून ब्रशाकडे

केस विंचरण्याचे साधन अतिशय प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत हस्तिदंती फण्या सापडल्या आहेत. इस्राएलमधील लाकीश येथे २०१६ साली एक लहानशी हस्तिदंती फणी मिळाली. तिच्यावर कनानी लिपीतील अक्षरे कोरलेली आहेत, हे काही वर्षांनी लक्षात आले आणि २०२२ मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. ही फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज आहे. डोक्यातील व दाढीतील उवा या दाताने उपटून काढाव्यात, अशा अर्थाची इच्छा तिच्यावर व्यक्त केली आहे. तिच्या एका बाजूस गुंता सोडविण्यासाठी सहा जाड दाते आणि दुसऱ्या बाजूस उवा काढण्यासाठी चौदा बारीक दाते होते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत फणीकरंड्याबरोबर असणारी दुहेरी फणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. उत्तर प्रदेशातील संभल येथे शिंगाच्या फण्या व कंगवे बनविण्याचा व्यवसाय आजही चालतो.

फणीच्या रचनेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यात दात्यांची एकच ओळ असते, आणि दुहेरी फणीतही दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. त्यामुळे कोणत्याही दात्याकडे पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी पोहोचता येते. दोन दात्यांमधील फटीत मळ साचला, तर एक दोरा त्या फटीतून ओढला की काम होते. आपल्याकडील स्त्रिया फणी अशीच साफ करीत आल्या आहेत. यासाठी वेगळे साधन लागत नाही आणि फणीचा कोणताही भाग दृष्टिआड राहत नाही.

ब्रशाने ही सोय गमावली. दात्यांची एक ओळ पुरेशी न मानता एकापाठोपाठ एक अशा अनेक ओळी बसविल्या, की त्यांचा समूह म्हणजे ब्रश होय. यामुळे केसांवर एकाच वेळी अधिक दाते फिरतात, टाळूतील तेल केसांच्या टोकांपर्यंत पसरते आणि केस चकचकीत दिसतात. मात्र आतल्या ओळींकडे आता फक्त वरून पाहता येते. त्यांच्या मुळाशी बोट जात नाही आणि दोराही जात नाही.

पारंपरिक बनावटीने ही अडचण आणखी वाढविली. जुन्या युरोपीय ब्रशात लाकडी पाठीला भोके पाडून त्यांत डुकराच्या राठ केसांचे झुबके ओढून बसवीत. झुबके मागील बाजूने तारेने किंवा दोऱ्याने आवळले जात, आणि तो सांधा झाकण्यासाठी लाकडाची दुसरी फळी सरसाने चिकटवली जाई. ब्रश टिकाऊ व देखणा होई, पण कायमचा बंद होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील मेसन पिअर्सन यांच्या ब्रशामुळे रबरी उशीची बैठक प्रसिद्ध झाली. दाते टाळूला टोचू नयेत यासाठी उशीखाली हवेची पोकळी असते आणि हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छिद्र असते. हे छिद्र आरामासाठी आवश्यक आहे. परंतु ब्रश पाण्यात बुडविला तर त्यातूनच पाणी आत शिरते आणि सहजी बाहेर पडत नाही. म्हणूनच अशा ब्रशाबरोबर साफसफाईसाठी आणखी एक छोटा ब्रश देण्याची पद्धत पडली. एका ब्रशाची स्वच्छता दुसऱ्या ब्रशावर सोपवावी लागणे, यातच मूळ रचनेतील उणीव स्पष्ट होते.

२. मळाचे घटक

ब्रशातील मळ हा एक पदार्थ नसून निदान चार पदार्थांचे मिश्रण असते.

पहिला घटक म्हणजे गळलेले केस. निरोगी माणसाच्या डोक्यावरून दररोज साधारणपणे ५० ते १०० केस गळतात. त्यांतील बरेचसे विंचरताना निघून येतात. मराठीत यासाठी ‘गुंतवळ’ असा स्वतंत्र शब्द आहे. पूर्वी हे गुंतवळ साठवून त्याचे गंगावन करीत. केसांच्या मोबदल्यात सुया, टिकल्या किंवा भांडी देणारे फेरीवालेही गावोगाव हिंडत. म्हणजे ज्या वस्तूला ब्रशात मळ म्हणावयाचे, तिला बाहेर काढल्यावर किंमत होती.

दुसरा घटक म्हणजे तेल. त्वचेतून स्रवणारे नैसर्गिक तेल असतेच. भारतीय घरांत त्यात खोबरेल, मोहरीचे किंवा आवळ्याचे तेल मिसळते. तिसरा घटक म्हणजे टाळूच्या त्वचेचे सुटलेले कण, अर्थात कोंडा. चौथा म्हणजे धूळ.

या चारही घटकांचा परस्परसंबंध महत्त्वाचा आहे. कोरडी धूळ झटकता येते आणि कोरडे केस ओढून काढता येतात. परंतु तेल मिसळले की ते डिंकाचे काम करते. धूळ आणि कोंडा त्यात रुततात, अडकलेले केस त्या थराला जाळीसारखे धरून ठेवतात, आणि दात्यांच्या मुळाशी करड्या रंगाचा एक पातळ नमदा तयार होतो. हा नमदा मुख्यतः दाता व बैठक जेथे मिळतात त्या कोपऱ्यात बसतो, कारण विंचरण्याची प्रत्येक हालचाल मळाला खाली ढकलते. वरचा भाग सतत घासला जाऊन स्वच्छ दिसत राहतो. ब्रश वरून चांगला आणि मुळाशी मळलेला असतो, तो यामुळे.

आरोग्याच्या दृष्टीनेही ही बाब उपेक्षणीय नाही. टाळूचे गजकर्ण हा बुरशीजन्य रोग सामाईक फण्या व ब्रश यांमधून पसरू शकतो. उवा मुख्यतः डोक्याला डोके लागून पसरतात. तरी ज्या घरात उवा झाल्या आहेत, तेथील फण्या व ब्रश निदान ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवावेत, असे वैद्यकीय तज्ज्ञ सांगतात. जो ब्रश एवढे ऊन पाणी सोसू शकत नाही, तो एकाहून अधिक माणसे वापरीत असलेल्या घरासाठी अपुरा मानला पाहिजे.

३. वेढ्यांचे गणित

गळलेला केस ब्रशातून ओढून काढणे इतके कठीण का जाते, याचे उत्तर घर्षणाच्या नियमांत आहे.

एक उदाहरण घेऊ. दिवसाला ६० केस गळले आणि त्यांतील निम्मे ब्रशात अडकले, तर ३० दिवसांत ९०० केस जमा होतात. प्रत्येक केस ४५ सेंटिमीटर लांब धरला, तर एकूण लांबी ४०५ मीटर भरते. एवढा धागा काही चौरस सेंटिमीटरच्या दात्यांच्या रानात गुंडाळला जातो. दाता २ मिलिमीटर जाड असेल, तर त्याचा परिघ सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे एकच केस त्याच्याभोवती सत्तर वेढे घेऊ शकतो.

बंदरात नाव बांधताना खलाशी दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळे टोक एका हाताने धरून जड नाव रोखतो. प्रत्येक वेढ्याबरोबर घर्षणाने होणारी पकड बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे साडेतीन पट होते आणि तीन वेढ्यांनी चाळीस पटींहून अधिक होते. दात्याभोवती गुंडाळलेल्या केसाचे टोक धरून ओढले, की नेमके हेच घडते. केस जितका जोराने ओढावा तितका तो दात्याला अधिक आवळून बसतो आणि शेवटी तुटतो. तुटलेला तुकडा मुळाशीच राहतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. केस काढण्याची योग्य दिशा आडवी नसून उभी आहे : वेढे सोडविण्याच्या खटपटीत न पडता, बांगडी हातातून काढावी त्याप्रमाणे संपूर्ण वेटोळे दात्याच्या टोकावरून वर सरकवून काढले पाहिजे. हा पहिला निष्कर्ष होय. दुसरा निष्कर्ष त्यातूनच येतो. वेटोळे वर सरकण्यासाठी दाता गुळगुळीत आणि टोकाकडे किंचित निमुळता हवा. बाजारातील पुष्कळ ब्रशांच्या दात्यांना टोकाशी गोल गाठ असते. ती टाळूला बोचू नये म्हणून दिलेली असते, परंतु हीच गाठ वेटोळ्याची वाट अडवते. बोथटपणासाठी टोक गोलाकार असणे पुरेसे आहे. ते दात्याच्या दांड्यापेक्षा जाड असण्याचे कारण नाही. आराम आणि स्वच्छता यांच्यात येथे जो विरोध दिसतो, तो केवळ आकाराच्या निष्काळजी निवडीतून आलेला आहे.

४. लायडा न्यूमन यांचा ब्रश

ब्रशाची स्वच्छता हा रचनेचा प्रश्न मानून त्यावर उत्तर शोधणाऱ्या प्रारंभीच्या व्यक्तींमध्ये लायडा न्यूमन यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. न्यूमन या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री होत्या आणि न्यूयॉर्क शहरात केशरचनेचा व्यवसाय करीत. १५ नोव्हेंबर १८९८ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यांना सुधारित ब्रशासाठी ६१४३३५ क्रमांकाचे पेटंट, म्हणजेच एकस्व, दिले.

त्यांच्या ब्रशात दात्यांच्या ओळी समान अंतराने मांडलेल्या होत्या आणि ओळींच्या मध्ये लांबट फटी ठेवल्या होत्या. या फटींच्या मागे, ब्रशाच्या पाठीत, एक पोकळी होती. विंचरताना निघालेली धूळ व कोंडा दात्यांच्या मुळाशी साचून न राहता फटींतून या पोकळीत जाई. त्याच वाटेने हवाही खेळती राही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दात्यांची संपूर्ण बैठक पाठीपासून सुटी करता येत असे. एका लहानशा कळीने ती मोकळी होई; पोकळी झटकून, बैठक धुऊन पुन्हा बसविता येई.

या रचनेमागील विचार नीट समजून घेतला पाहिजे. जुन्या ब्रशात बैठक हा मळाचा शेवटचा मुक्काम होता. न्यूमन यांनी बैठकीला फटी देऊन मळाला पुढे जाण्यास वाट दिली, आणि जेथे तो जाईल ती जागा उघडता येईल अशी ठेवली. बैठक सुटी झाल्यावर दात्यांच्या ओळींकडे पुढून तसेच मागून पोहोचता येऊ लागले. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर ब्रश काही क्षणांपुरता पुन्हा फणी झाला. साफ करण्यास सोप्या अशा पुढील काळातील बहुतेक ब्रशांचे मूळ तत्त्व हेच आहे.

ही कल्पना एका केशरचनाकार स्त्रीला सुचावी, यात आश्चर्य नाही. जिला एकामागून एक अनेक डोकी विंचरावी लागतात, तिला दोन ग्राहकांच्या मधल्या काही मिनिटांत ब्रश साफ करावा लागतो. वापराच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला जो दोष दिसतो, तो कारखान्यातील माणसाला दिसत नाही. त्याच कालखंडातील इतर काही कृष्णवर्णीय स्त्रियांची एकस्वेही याची साक्ष देतात : जूडी रीड यांना १८८४ मध्ये कणीक मळण्याच्या साधनासाठी, सारा गुड यांना १८८५ मध्ये कपाटात घडी होणाऱ्या पलंगासाठी आणि सारा बून यांना १८९२ मध्ये इस्त्रीच्या फळीतील सुधारणेसाठी एकस्व मिळाले. हाताखालून रोज जाणाऱ्या वस्तूंचे दोष त्यांनी ओळखले आणि ते दूर केले.

न्यूमन यांचे कार्य ब्रशापुरते मर्यादित नव्हते. १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी जी चळवळ चालली, तिच्यात कृष्णवर्णीय स्त्रियांना संघटित करण्याचे काम त्यांनी केले. त्या वर्षी मतदारांनी मताधिकाराची मागणी फेटाळली. १९१७ मध्ये ती मान्य झाली.

न्यूमन यांनी कृत्रिम दात्यांचा ब्रश शोधून काढला, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. त्यांच्या एकस्वाचा विषय मात्र ब्रशाची जोडणी व उघडण्याची सोय हा आहे. नायलॉनचे दाते प्रथम १९३८ मध्ये, दात घासण्याच्या ब्रशात, बाजारात आले. न्यूमन यांचे श्रेय सामग्रीत शोधण्याऐवजी रचनेत शोधणे हेच त्यांना न्याय देणारे आहे.

५. नंतरचे उपाय

विसाव्या शतकात प्लास्टिक व नायलॉन आल्यानंतर नव्या शक्यता निर्माण झाल्या. त्यांचे चार मुख्य प्रकार करता येतील.

पहिला प्रकार सरकत्या बैठकीचा. ब्रिटनमधील डेन्मन ब्रश हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९३८ मध्ये जॉन डेन्मन डीन यांनी तो आखला. यात नायलॉनच्या दात्यांच्या ओळी एका रबरी गादीतून वर येतात आणि ही गादी मुठीच्या खोबणीतून सरकवून बाहेर काढता येते. ओळी सुट्या होत असल्याने प्रत्येक ओळ फणीसारखी धुता येते. न्यूमन यांचेच तत्त्व येथे अधिक पुढे नेले आहे. मात्र गादी पुन्हा खोबणीत बसविण्यास थोडा सराव लागतो.

दुसरा प्रकार आत जाणाऱ्या दात्यांचा. कळ दाबली की दाते बैठकीच्या आत ओढले जातात आणि त्यांवरील केसांची वेटोळी बैठकीवर मोकळी पडून राहतात. वेटोळे उभ्या दिशेने काढावे, या नियमाचे येथे यांत्रिक रीतीने पालन होते. परंतु हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. दाता आणि त्याचे छिद्र यांमधील फट याहून मोठी असली, तर दात्याबरोबर केसही आत ओढला जातो आणि यंत्रणा अडकते. शेकडो छिद्रे एवढ्या काटेकोरपणे साच्यातून काढणे खर्चिक आहे. आणि तेलकट धूळ आत गेल्यावर हे नेमकेपण टिकत नाही. ज्या पोकळीत यंत्रणा असते, तीच साफ करता येत नाही, हा दुसरा दोष.

तिसरा प्रकार उचलत्या जाळीचा. बैठकीवर दात्यांना भोके जुळतील असा पातळ पडदा अंथरावयाचा आणि मळ साचल्यावर तो चारही कोपऱ्यांनी वर उचलावयाचा. केसांचा संपूर्ण थर त्याबरोबर निघून येतो. ही सर्वांत स्वस्त युक्ती असून घरीही करता येते. गाठीच्या दात्यांवर मात्र पडदा अडतो.

चौथा प्रकार एकसंध ब्रशाचा. मूठ, पाठ, बैठक आणि दाते ही सर्व एकाच साच्यातून एकदम काढलेली असतात. सांधाच नसल्यामुळे मळाला लपण्यास जागा नसते, आणि ब्रश बेसिनमध्ये भांड्यासारखा घासता येतो. उशीचा मऊपणा मात्र जातो.

या चारही प्रकारांची तुलना केली असता एक सामान्य नियम हाती येतो. सांधा दोन प्रकारे निर्दोष होऊ शकतो : तो मुळीच नसावा, किंवा पूर्ण उघडता यावा. अर्धवट उघडणारा सांधा हा बंद सांध्यापेक्षाही वाईट, कारण त्यातून मळ आत जातो आणि हात जात नाही.

६. आर. के. पुरममधील एका कुटुंबासाठी

कोणतीही वस्तू सर्वांसाठी आणि सर्व ठिकाणांसाठी म्हणून आखली, की ती कोठेही नीट बसत नाही. म्हणून येथे एक निश्चित जागा निवडली आहे. आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्णपुरम, ही दक्षिण दिल्लीकडील वसाहत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रामुख्याने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविण्यात आली. सेक्टरांमध्ये विभागलेल्या सरकारी निवासस्थानांबरोबरच ईस्ट ब्लॉक व वेस्ट ब्लॉक या नावांच्या इमारतींत सरकारी कार्यालये आहेत. बदलीमुळे निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे शेजारीशेजारी राहत आली आहेत. एकाच जिन्यावर खोबरेल लावणारे मराठी किंवा मल्याळी घर आणि मोहरीचे तेल लावणारे बंगाली घर असू शकते. ब्रशाच्या रचनाकारासाठी ही वसाहत म्हणजे केसांच्या अनेक सवयींचा एकत्रित नमुनाच होय.

येथील हवामानही विचारात घेतले पाहिजे. एप्रिल ते जून या काळात उष्ण वारे वाहतात आणि धुळीची वादळे येतात; खिडक्या बंद असल्या तरी बारीक धूळ घरात शिरते. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला, की हवा दमट होते आणि धुतलेली वस्तू लवकर वाळत नाही. हिवाळ्यात थंड पाण्याने खोबरेल गोठते आणि मळाचा थर अधिकच घट्ट होतो. ज्या घरी कूपनलिकेचे जड पाणी येते, तेथे साबण फुटून त्याची पांढरी साय दात्यांवर बसते. न्यूयॉर्कच्या केशरचनाकाराला मुख्यतः कोंडा आणि धूळ यांची चिंता होती. येथे तेलामुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. मळ झटकता यावा एवढे येथे पुरत नाही; ब्रश ऊन पाण्याने धुता आला पाहिजे आणि लवकर वाळला पाहिजे.

या परिस्थितीत ब्रशाकडून पुढील अपेक्षा ठेवता येतील.

(१) कात्री, सुई किंवा दुसरा ब्रश यांची गरज न लागता, केवळ हाताने तो साफ व्हावा.

(२) साफ करण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. अन्यथा कार्यालय, शाळा आणि स्वयंपाक यांच्या धांदलीत ते काम होणार नाही.

(३) ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवल्यास तो वाकू नये, सुटू नये. लाकूड पाण्याने फुगते आणि सरसाचा सांधा सुटतो. म्हणून पाठीसाठी पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक योग्य ठरते. दात्यांसाठी नायलॉन चालेल. ते थोडे पाणी शोषते व ओले असताना किंचित मऊ पडते, पण वाळल्यावर पूर्ववत होते.

(४) पाणी साचेल अशी बंद पोकळी त्यात नसावी.

(५) दाते निमुळते, गुळगुळीत, गोल टोकाचे आणि बिनगाठीचे असावेत. दोन ओळींमध्ये करंगळीचे टोक किंवा निदान जाड कापडाची घडी फिरेल एवढी जागा असावी.

(६) दाता बैठकीला जेथे मिळतो तेथे काटकोन नसावा. तो कोपरा वाटीच्या तळासारखा गोलसर असावा, म्हणजे मळ तेथे धरून राहणार नाही.

(७) सुट्या भागांची संख्या दोनहून अधिक नसावी. तिसरा भाग घरात हरवतो.

(८) रंग फिकट असावा. काळ्या ब्रशातील मळ दिसत नाही, आणि जो मळ दिसत नाही तो काढला जात नाही.

या अपेक्षांवरून ब्रशाचे चित्र पुरेसे स्पष्ट होते. मूठ व पाठ यांचा एक भाग. दात्यांसह बैठक हा दुसरा. बैठक खोबणीतून सरकत बाहेर येते. तिच्यात ओळींच्या मध्ये आरपार फटी आहेत, आणि पाठही मागून जाळीसारखी मोकळी आहे. त्यामुळे न्यूमन यांच्या ब्रशातील पोकळीचीही गरज उरत नाही. नळाखाली धरला असता पाणी पुढून शिरून मागून निघून जाते. बैठक बाहेर काढली, की ओळी फणीप्रमाणे दोन्ही बाजूंनी मोकळ्या होतात. मुठीच्या टोकाला टांगण्यासाठी भोक ठेवावे, म्हणजे ब्रश ओला असताना सपाट पृष्ठभागावर न ठेवता खिळ्याला अडकविता येईल.

७. कसोटी

कागदावर उत्तम दिसणारी रचना हातात आल्यावर फसू शकते. म्हणून परीक्षा आवश्यक आहे, आणि ती घरगुती साधनांनी करता येते. निरनिराळ्या रचनांचे चार ब्रश घ्यावेत. एकाच व्यक्तीने प्रत्येक ब्रश सात दिवस वापरावा आणि तेल लावण्याची सवय बदलू नये. आठव्या दिवशी ब्रश साफ करताना चार गोष्टींची नोंद करावी : लागलेला वेळ; वापरावी लागलेली साधने; साफ केल्यावर पांढऱ्या कापसाचा बोळा दात्यांच्या मुळाशी फिरविला असता त्यावर येणारा मळ; आणि धुतलेला ब्रश पूर्ण वाळण्यास लागलेला काळ. वाळण्याची परीक्षा कोरड्या दिवसांत आणि पावसाळ्यात अशी दोनदा घ्यावी.

सांध्याच्या टिकाऊपणाची परीक्षा वेगळी करावी लागते. आठवड्यातून दोनदा बैठक काढून घातली, तर वर्षाला १०४ वेळा सांधा उघडतो. ब्रश तीन वर्षे टिकावा अशी अपेक्षा असल्यास तो निदान ३१२ वेळा उघडून व बंद करून पाहिला पाहिजे. शेवटी बैठक विंचरताना हलते काय, हे पाहावे. सुटी होणारी बैठक गुंत्यात अडकून बाहेर येऊ लागली, तर वापरणारा ती चिकटवून टाकील आणि सारा प्रयत्न व्यर्थ जाईल.

ही परीक्षा कोणी करावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. घरात ब्रश जी व्यक्ती साफ करते, तिच्याच हाती तो द्यावा. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या हातांनीही तो उघडून पाहावा, कारण संधिवाताने आखडलेल्या बोटांना लहान कळ दाबता येत नाही. न्यूमन यांच्या ब्रशाचे सामर्थ्य त्यांच्या रोजच्या अनुभवात होते. हा अनुभव प्रयोगशाळेत तयार होत नाही; तो घरात, केशकर्तनालयात आणि वसतिगृहात आधीपासून असतो. त्याला प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर आकारात उतरविणे, हे रचनाकाराचे काम आहे.

स्वाध्याय

१. फणीतील दात्यांची एक ओळ आणि ब्रशातील अनेक ओळी यांमुळे स्वच्छतेच्या दृष्टीने कोणता फरक पडतो? आकृती काढून स्पष्ट करा.

२. पेन्सिलीला दोऱ्याचे एक, दोन व तीन वेढे देऊन दोऱ्याच्या एका टोकाला लहान वजन बांधा. दुसरे टोक ओढण्यास लागणारा जोर वेढ्यांबरोबर कसा बदलतो, याचे निरीक्षण करा. नंतर तेच वेढे पेन्सिलीच्या टोकावरून सरकवून काढून पाहा.

३. घरातील ब्रशाचे सर्व सांधे मोजा. त्यांतील किती मुळीच उघडत नाहीत, किती पूर्ण उघडतात आणि किती अर्धवट उघडतात, याची नोंद करा.

४. आपल्या गावचे हवामान, पाणी आणि केसांना लावावयाचे तेल लक्षात घेऊन सहाव्या भागातील आठ अपेक्षांपैकी कोणत्या बदलाव्या लागतील, ते सकारण लिहा.